वॉल लाव

बीड, ९ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार आधी घालावा की जाब आधी विचारावा हे ठरत नाही, म्हणून दोन्ही एकदमच करते. फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. म्हणून हे पत्र, तुझ्या गुजरातच्या साईट ऑफिसच्या पत्त्यावर, स्पीड पोस्टाने. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

त्या दिवशी तू ताटावरून उठलास. मी काय विचारलं होतं? डेअरीत अपघात झाला तेव्हा तू नेमका कुठे होतास, एवढंच. सरळ माणसाचा घास असल्या प्रश्नाने अडकत नाही. तू हात धुतलास, बॅग भरलीस आणि दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याहून बस धरलीस. नवी नोकरी आधीच ठरली होती हे मला ठाऊक आहे. पण रुजू व्हायला अवकाश होता, हेही ठाऊक आहे. कुठेतरी पाणी मुरतंय, दादा.

आई म्हणते, मी जन्माचीच संशयी. "तुला दूध दिलं तरी तू आधी त्यात पानी हुडकतीस." असेन. माझा धंदाच तो आहे. दरवर्षी इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोरांना पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच वाक्य लिहून देते: मीटर दाखवतो ते खरं नसतं, ते मीटरचं म्हणणं असतं. हे वाक्य तूच मला शिकवलं होतंस, मी डिप्लोमाला असताना, आपल्या ओट्यावर बसून. मी कॉलेजात मास्तरीण झाले, तू डेअरीत इन्स्ट्रुमेंटचा साहेब झालास, पण वाक्य तेच चालू आहे. आता ते तुलाच लावून पाहते आहे.

काय घडलं ते तुला माहीत आहे. तरी माझ्या तोंडून ऐक. मी कुठे चुकले तर निदान राग येऊन तरी तू लिहिशील.

दूध तापवायच्या यंत्राला वाफ देणारा आपोआप चालणारा व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता. तोवर शेजारच्या हाताच्या व्हॉल्व्हवर काम चाललेलं, चाक फिरवून वाफ कमी-जास्त करायची. दुपारच्या पाळीला इरशाद ऑपरेटर. त्याला दिसलं की पॅनेलवरचं तापमान खाली उतरतंय, आणि पाईपवर बसवलेल्या थर्मामीटरचा काटा मात्र वर चढतोय. दोन मीटर आणि दोन तोंडं. त्याने तुला फोन लावला. बोलणं झालं. इरशादने चाक फिरवून वाफ पूर्ण सोडली. गरम पाण्याचा दाब वाढला, यंत्राच्या प्लेटांमधलं रबराचं गॅस्केट फाटलं, आणि खाली फरशी धूत बसलेल्या सटवाच्या अंगावर ते पाणी आलं. मान, खांदा आणि उजवा हात भाजला.

आता जबाब. तुझा: "मी दूरध्वनीवरून सदर व्हॉल्व्ह तात्काळ बंद करण्यास सांगितले. त्यावेळी मी प्लांटच्या मागील बाजूस सांडपाणी विभागात होतो." इरशादचा: "साहेबांनी वाफ चालू करण्यास सांगितले, त्याप्रमाणे केले." दोन्हींच्या झेरॉक्स माझ्या टेबलावर आहेत. कशा आल्या ते विचारू नकोस.

दोघांपैकी एक जण खोटं बोलतो आहे. तुमचे मॅनेजर सुंदरराव म्हणतात, इरशाद. आदल्या दिवशी सायकल कुठे लावायची यावरून त्याची आणि सटवाची बाचाबाची झाली होती म्हणे, त्याचा डूख धरून त्याने मुद्दाम वाफ सोडली. पोलिसांत तशी तक्रार गेली आहे. चौकशी समितीनेही 'मुद्दाम' असं लिहिलं तर इरशाद तुरुंगात जाईल. सुंदररावांना मात्र सुंठेवाचून खोकला गेल्यासारखं झालंय, कारण मग तो आपोआप चालणारा व्हॉल्व्ह वेळेत दुरुस्त का झाला नाही, हे त्यांना कुणी विचारणार नाही. म्हणून मला सुंदररावांचाही संशय आहे. पण तुझा जास्त आहे.

दोनच गोष्टी कळव. फोनवर तू काय बोललास, शब्दन् शब्द. आणि कुठून बोललास.

अजून तरी तुझी बहीण,
शिवकन्या

बीड, १७ फेब्रुवारी

दादा,

तू लिहिलं नाहीस, म्हणून मी दुसरीकडे विचारलं.

जिनत माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात आहे. इरशादची धाकटी बहीण. अपघात झाल्यापासून ती तासाला येते, पण माझ्याकडे बघत नाही. मला वाटायचं, हिच्या मनात आपल्या घराविषयी विष आहे. परवा ती प्रॅक्टिकलची फाईल घेऊन केबिनमध्ये आली. फाईलवर सह्या आधीच झालेल्या होत्या, म्हणजे निमित्तच. मी तिच्या हाताकडे बघत राहिले, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू आहे की काय म्हणून.

"मॅडम, भाई बाहेर उभा हाय," ती म्हणाली. "पाच मिनिटं त्याचं ऐका. मग तुमी म्हनाल तसं."

मी केबिनचं दार उघडंच ठेवलं. समोरच हेड सर बसतात, कुणी नंतर काही बोलायला नको. इरशाद आत आला पण बसला नाही. सध्या तो वडिलांच्या, जमीलभाईंच्या, मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसतो. बोटांना वार्निश लागलेलं होतं. मला वाटलं, आता हा रडेल, हात जोडेल, नाहीतर तुझ्याविषयी काहीतरी तिखट बोलेल आणि मला त्याचा खोटेपणा पकडता येईल. त्याने तसलं काहीच केलं नाही. झाला तर माझाच विरस झाला.

तोंडी परीक्षेला विचारतात तसं मी त्याला म्हटलं, अर्थ सांगू नकोस, शब्द सांग.

तो म्हणाला, "साहेब म्हनले, 'वॉल लाव, इरशाद. लवकर लाव.' मागं लई गलका व्हता. म्या इचारलं, 'पूर्ण लावू का?' म्हनले, 'पूर्ण लाव.' म्या लावला."

तुमच्याकडे व्हॉल्व्हला सगळे वॉलच म्हणतात हे मला माहीत आहे, तूही घरी तसंच म्हणतोस. मी इरशादला इकडून-तिकडून पुन्हा विचारलं, मध्येच भलतं विचारून परत त्याच वाक्यावर आणलं. शब्द हलले नाहीत. खोटं बोलणाऱ्याचं वाक्य दुसऱ्या खेपेला जरा गुळगुळीत होतं. याचं होतं तसंच राहिलं.

तेव्हा आता ऐक. लाव. मोटार लाव, पंखा लाव, टीव्ही लाव, गॅसवर चहा लाव. सुरू करणं. दुसरा अर्थ मला तरी दिसत नाही. तू त्याला वाफ लावायला सांगितलीस, वर पूर्ण लाव म्हणालास, आणि जबाबात मात्र 'बंद' लिहिलंस. दादा, तू सरळसरळ ध चा मा केलास. आणि तो मा एका गरिबाच्या गळ्यात बांधून गुजरातेत जाऊन बसलास.

आणखी एक. 'मागं गलका व्हता' असं तो म्हणाला. सांडपाणी विभागात टाक्यांत हवा सोडणारा ब्लोअर घुमतो, मी पोरांना घेऊन तिथे व्हिजिटला येऊन गेले आहे. गलका माणसांचा असतो. त्या टाक्यांपाशी माणसं कुठली?

काल सटवाकडे जाऊन आले. त्याची बायको उसाला गेली होती, ती टोळी सोडून आली आहे. सटवाचा हात कोपरात आखडला आहे. मी त्याला विचारलं, इरशादने मुद्दाम केलं असेल का?

"असं करनारा गडी न्हाई त्यो, असं वाटतं मला," सटवा म्हणाला. "पर वाटून काय उपेग मॅडम? पानी तर उकळतंच व्हतं."

येताना रस्ताभर मला तुझा राग आला. तुझ्यावर इतका राग मला आजवर कधी आला नव्हता.

शिवकन्या

बीड, २४ फेब्रुवारी

दादा,

पोस्टाच्या साइटवर बघितलं. दोन्ही पत्रं 'पोहोचली', आणि सही तुझीच, 'प्रविण' अशी. म्हणजे हात शाबूत आहेत, फक्त लिहायला उठत नाहीत.

आता मला आईचाही संशय येऊ लागला आहे, आणि हे लिहिताना माझीच मला लाज वाटते. पण मी अपघाताचा विषय काढला रे काढला की आईची कढी उतू जायला लागते. कढी नसली तर मांजर येतं. मांजर नसलं तर गुडघा दुखतो. खाई त्याला खवखवे.

मग मला अपघाताच्या दिवशीचं एक आठवलं. संकष्टी होती. मी कॉलेजातून आले तर देव्हाऱ्यापुढे खोबऱ्याचे तुकडे आणि दूर्वा, लिंबागणेशच्या गणपतीचा प्रसाद. आणि आईच्या पदराला शेंदूर. मी विचारलं तर म्हणाली, शेजारच्या भागाबाई गेल्या होत्या, त्यांनी आणलं. त्या दिवशी अपघाताची बातमी आली, सटवाच्या नावाने सगळं घर हललं, आणि शेंदराचं मनातून निघून गेलं.

आज भागाबाईंना त्यांच्या दारातच गाठलं. त्या म्हणाल्या, अगं, मला आपल्या गल्लीतल्या मारुतीपर्यंत जाववत नाही, मी लिंबागणेशला कशी जाणार?

म्हणजे आई स्वतःच गेली होती, आणि ती एकटी कुठे जात नाही; तू ड्युटी सोडून तिला मोटारसायकलवर घेऊन लिंबागणेशला गेला होतास. गलका तो, चतुर्थीच्या रांगेचा. तिथून, गर्दीत उभं राहून, समोर मीटर नसताना, दोन मीटरांपैकी कुठला खरा हे न बघता, तू इरशादला वाफ सोडायला सांगितलीस. आणि अंगाशी आलं तेव्हा सांडपाणी विभाग गाठलास, निदान कागदावर.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणून मी गप्प बसले असते. बायका बसतात तशा. पण इथे दात आपले आहेत आणि ओठ इरशादचे.

दहा मार्चला समितीची शेवटची बैठक आहे. मी तिथे जाऊन हे सगळं सांगणार आहे. तू काही लिही अथवा न लिही.

माझा तुझ्यावर फार जीव आहे रे. वडील गेले तेव्हा मला सायकलवर डबल सीट घेऊन कॉलेजात सोडणारा तूच होतास. म्हणून तर राग आवरत नाही. परका असता तर एक अर्ज लिहून मोकळी झाले असते.

शिवकन्या

बीड, ३ मार्च

दादा,

हे पत्र बसून वाच. आधीचं एक वाक्य मला मागे घ्यायचं आहे, पण सगळी नाही घ्यायची.

आज संध्याकाळी मी पुढच्या खोलीत पोरांच्या जर्नल तपासत बसले होते. आई आत भाकरी थापत होती, हात पिठाचे. अंधारून आलं तशी तिने रोजच्यासारखी आतूनच हाक दिली.

"शिवे, दिवा लाव. अन् मागचं दार लाव. लक्षुमी मागल्या दारानं जाती."

मी उठले. देव्हाऱ्यात दिवा पेटवला. मागच्या खोलीत गेले, दार ओढलं, कडी घातली. आणि कडीवरचा हात तिथेच राहिला.

दिवा लाव, दार लाव. आई एका श्वासात म्हणाली आणि मी एक चालू केलं, एक बंद केलं. विचारलं नाही, अडखळले नाही, कुठला लाव कुठला आहे असं मनातही आलं नाही. जन्मभर रोज संध्याकाळी हेच करते आहे. आणि तुला छातीठोकपणे लिहिलं होतं की लाव म्हणजे सुरू करणं, दुसरा अर्थच नाही.

दरवर्षी माझ्या वर्गात 'क्लोज्ड कॉन्टॅक्ट' आला की अर्धी पोरं चुकतात. क्लोज्ड म्हणजे बंद, बंद म्हणजे करंट बंद, असं लिहून मोकळी होतात. खरं म्हणजे तो मिटलेला असतो, स्विचची टोकं एकमेकांना टेकलेली असतात, म्हणूनच करंट वाहतो. मी त्यांना हसते. म्हणते, मराठीत विचार करता आणि इंग्रजीत नापास होता. आता मला कोण हसणार?

मी स्वयंपाकघरात गेले आणि आईला सरळ विचारलं, लिंबागणेशला दादा फोनवर काय म्हणत होता? कढी नव्हती, मांजर नव्हतं. तिने हात पुसले आणि पाटावर बसली.

"लाव, लाव म्हनत व्हता," ती म्हणाली. "म्या म्हनलं, घरचं दार उघडं राहिलं का काय. त्याला इचारलं बी तसं. तर म्हनला, 'न्हाई गं आई, वाफेचं दार हाय.'"

वाफेचं दार. दादा, तू बंद करायलाच सांगत होतास.

आणि मग बाकीचं ओळीने उलगडत गेलं. धुलाईचं पाणी पॅनेलच्या सेन्सरच्या पेटीत शिरतं आणि पॅनेल कमी दाखवतं, हे तू मला दिवाळीत सांगितलं होतंस. दोन मीटर भांडतायत म्हटल्यावर तू पाईपवरच्या काट्यावर विश्वास ठेवलास, तो चढत होता, म्हणून म्हणालास, वॉल लाव, दार लावतात तसा. इरशादला पेटीचं माहीत नव्हतं. त्याचा विश्वास पॅनेलवर, ते उतरत होतं, म्हणून त्याने ऐकलं, वॉल लाव, मोटार लावतात तसा. त्याने खात्रीही करून घेतली, पूर्ण लावू का? तूही म्हणालास, पूर्ण लाव. त्याहून जास्त खात्री माणसाने काय करावी.

मी पोरांना सांगते, दोन मीटर भांडत असतील तर एक तरी खोटा आहे असं समजा. पण त्याआधी विचारायचं असतं की दोघं एकाच जागेचं मोजतायत का. तेवढं विचारायचं मी तुमच्या दोघांच्या बाबतीत विसरले. मला खोटा माणूस हवा होता, म्हणून दिसला.

ध चा मा केलास असं मी लिहिलं होतं, ते मागे घेते. इथे अक्षरही बदललं नाही आणि तरी माणूस भाजला. नंतर जबाब लिहिताना तू सरकारी मराठीत 'बंद करण्यास सांगितले' लिहिलंस, इरशादचं ऐकून डेअरीच्या कारकुनाने 'चालू करण्यास सांगितले' लिहिलं. दोघांनी आपापल्या समजुतीने खरंच लिहिलं. फक्त जो शब्द बोलला गेला तो कुणीच लिहिला नाही.

पण दादा, सांडपाणी विभाग? ते तर खोटंच ना? ते लिहिलंस म्हणून पुढे त्या फोनविषयी एक अवाक्षर बोलायची तुझी सोय राहिली नाही. शब्द आठवायला बसलास की रांग आठवणार, रांग आठवली की ड्युटी. म्हणून तू उठून गेलास. माझा संशय चुकला, पण अगदीच वाट चुकलेला नव्हता.

आईही त्यासाठीच गप्प होती. "म्याच नेलतं त्याला," ती म्हणाली. "त्यो नगं म्हनत व्हता, ड्युटी हाय म्हनला. म्याच म्हनलं, घटकाभराचं काय. आता मी बोलले अन् त्याची नोकरी गेली तर?" मी म्हटलं, आणि नाही बोललीस आणि इरशाद तुरुंगात गेला तर? भाकरी तव्यावर खरोखरच करपली, आणि आज ती तिला दिसली नाही.

दहा तारखेला ये. दोनच वाक्यं बोलायची आहेत. मी 'लाव' म्हणालो. मी लिंबागणेशला होतो. पहिलं इरशादला सोडवेल, दुसरं तुला अडचणीत आणेल, आणि दुसऱ्याशिवाय पहिल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

तुझी,
शिवकन्या

बीड, १२ मार्च

दादा,

तू आला नाहीस.

बैठक सुंदररावांच्या ऑफिसात होती. मी दाराकडे तोंड करून बसले होते. बाहेर मोटारसायकल थांबली की आई पदर सारखा करायची. दोनदा केला. मग तिने बघायचं सोडलं.

इरशाद, जमीलभाई आणि जिनत बाहेर व्हरांड्यात उभे होते. जिनत दाराच्या फटीतून आत बघत होती. तिला हटकावं असं कुणाला वाटलं नाही.

मी माझं सांगितलं. दोन मीटर, भिजलेली पेटी, एक शब्द आणि त्याचे दोन अर्थ. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर आहेत, त्यांनी ऐकून घेतलं. सुंदरराव मात्र हसले. म्हणाले, मॅडम, भावासाठी एवढं व्याकरण? लाव म्हणजे लाव, चालू कर. शेंबडं पोरही सांगेल. आणि साहेब तसं म्हणालेच, याला पुरावा काय?

तेव्हा आई उठली. कुणी तिला बोलायला सांगितलं नव्हतं. पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली की त्या दिवशी पोरगा माझ्याबरोबर लिंबागणेशच्या रांगेत होता. पुढे फोन सांगितला, घरचं दार सांगितलं, वाफेचं दार सांगितलं. रांगेचं सांगताना तिचा आवाज कापत होता. दाराचं सांगताना कापला नाही.

अध्यक्ष म्हणाले, "आजी, तुमच्या मुलाने लिहून दिलंय की तो प्लांटमध्ये होता. तुम्ही त्याच्याविरुद्ध बोलताय, कळतंय ना?"

"इरुद न्हाई," आई म्हणाली. "त्यो काय बोलला, तेवढंच बोलते."

बाहेर पाळी सुटली होती, त्याचा गोंगाट आत येत होता, आणि उकाडाही होता. अध्यक्षांनी घाम पुसला आणि कागदातून डोकं न काढता शिपायाला म्हणाले, "आसाराम, पंखा लाव बरं. आणि ते दार लाव."

आसारामने पंखा चालू केला. मग जाऊन दार बंद केलं, जिनतच्या तोंडावरच. अध्यक्ष लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांचा पेन थांबला. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. सुंदररावांनीही पाहिलं. आईने पाहिलं नाही, ती आपल्या खुर्चीत परत बसत होती.

'मुद्दाम' हा शब्द अहवालातून गेला. पोलिसांकडे तसं पत्र जाणार आहे आणि इरशादला कामावर परत घ्यायचं ठरलं. यापुढे फोनवर फक्त 'उघड' आणि 'बंद कर' असंच बोलायचं, आणि ऐकणाऱ्याने ते उलट म्हणून दाखवायचं, असा नियम झाला. आपोआप चालणाऱ्या व्हॉल्व्हचं उत्तर सुंदररावांना द्यायचं आहे. तुझ्या नावापुढे लिहिलं आहे, 'कामाच्या वेळी गैरहजर, जबाबात चुकीची माहिती'. हे तुझ्या नव्या कंपनीपर्यंत जाईल की नाही मला माहीत नाही. आईला वाटतं जाईल. तरी ती बोलली.

सटवाचा हात अजून पूर्ण वर जात नाही. शब्द सापडला म्हणून कातडी येत नाही. इरशाद बाहेर पडल्यावर आधी त्याच्याकडे गेला, मग रात्र व्हायच्या आत आपल्या घरी आला. आईने चहा केला. तो दारातच उभा राहून प्याला.

"साहेबांना कळवा," तो मला म्हणाला, "त्यांनी खोटं सांगितलं असं म्या कुठंबी म्हनलो न्हाई. वॉल लाव म्हनले, एवढंच म्हनलो. कावून आले न्हाईत ते?"

मी त्याच्या हातातली रिकामी कपबशी घेतली.

चौथं पत्र तुला बैठकीच्या आधीच मिळालं होतं. सही आहे. पत्र मिळालं आणि तू आला नाहीस, याचा एक अर्थ मी बैठकीहून परतताना बसमध्येच काढला होता, सवयीने, आणि तो फार वाईट होता. मग थांबले. तुला भीती वाटली असेल, किंवा लाज, किंवा रजाच मिळाली नसेल, आणि यातलं काय ते मला इथे बसून मोजता येणार नाही. मोजायला माणूस समोर लागतो.

आई काल रात्री मला विचारत होती, "त्याला राग यील का गं माझा?" मी म्हटलं, तो आला की त्यालाच विचार. "त्यो आला की," असं ती एकदा पुटपुटली, आणि झोपली.

आता तिन्हीसांज झाली आहे. आईने दिवा लावला आहे आणि मागचं दार लावलं आहे. पुढचं दार तिने लावलेलं नाही. हे वाक्य कसंही वाच, त्याचा अर्थ एकच निघतो.

शिवकन्या